ऐंशीवा मजला की अठरावा? सुपरटॉल टॉवरमध्ये फ्लॅट बुक करायच्या आधी

शहर झपाट्याने वाढायला लागलं की आधी क्रेन दिसतात आणि मग होर्डिंग, शहरातला सगळ्यात उंच टॉवर, ढगांत राहायला या वगैरे वगैरे. घर शोधणारा तिथेच अडकतो, की बजेट तेवढंच आहे तर त्या उंच टॉवरमध्ये जरा लहान फ्लॅट घ्यावा की बाजूच्या वीस-बावीस मजली बिल्डिंगमध्ये ऐसपैस. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. टॉवर बांधून होऊन चार-पाच वर्षं नीट चाललेला असेल तर जरूर विचार करा, अजून कागदावरच असेल तर वीस मजलीच बरी. सुपरटॉलमध्ये तुम्ही घराबरोबर एका मोठ्या यंत्राचाही हिस्सा घेत असता, आणि यंत्र कसं चालतंय ते चालू झाल्यावरच कळतं.

आधी सुपरटॉल म्हणजे नक्की किती उंच, कारण जाहिरातीत चाळीस मजल्यांनाही सुपरटॉल म्हणतात. उंच इमारतींची मोजमापं ठरवणारी सीटीबीयूएच नावाची संस्था आहे, तिच्या हिशोबात ३०० मीटरच्या वर सुपरटॉल आणि ६०० च्या वर मेगाटॉल. राहायचा मजला साडेतीन मीटरचा धरला तर ३०० मीटर म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी मजले झाले. आता यातही गंमत आहे, इमारतीची उंची म्हणजे माणसं राहतात ती उंची असं अजिबात नाही. बुर्ज खलिफा ८२८ मीटर, पण त्यातला वरचा २४४ मीटरचा भाग नुसता सुळका आहे, म्हणजे तेवढ्यात एक मोठा टॉवर मावेल आणि तिथे कुणी राहत नाही. त्यामुळे होर्डिंगवरच्या आकड्याला भुलू नका, तुमचा मजला जमिनीपासून किती मीटरवर आहे ते विचारा. बरेच बिल्डर मजल्यांचे नंबरही मधले गाळून पुढे ढकलतात.

सगळ्यात जास्त विचार लिफ्टचा करा, खरंच. वीस मजलीत लिफ्ट बंद पडली तर शिव्या घालत का होईना माणूस जिना चढतो, सत्तराव्या मजल्यावर तो पर्यायच नाही. त्यात स्टीलच्या दोराची एक अडचण आहे, साधारण ५०० मीटरच्या पुढे दोर इतका जड होतो की त्याची ताकद स्वतःचं वजन उचलण्यातच जाते. म्हणून मध्ये स्काय लॉबी करतात, तिथे उतरायचं आणि दुसरी लिफ्ट पकडायची. पाचशेच्या खालच्या टॉवरमध्येही लिफ्टचे शाफ्ट किती जागा खातील या हिशोबाने हेच करतात. लिफ्ट बनवणाऱ्या कोने कंपनीने २०१३ मध्ये कार्बन फायबरचा हलका दोर आणला, त्याने एका दमात हजार मीटर जाता येईल असं ते म्हणतात, पण तुमच्या टॉवरमध्ये तो असेलच असं धरून चालू नका. वेगाच्या बढाया तर सोडूनच द्या. तैवानमधल्या तैपेई १०१ या टॉवरची लिफ्ट वर जाताना मिनिटाला १०१० मीटर जाते आणि खाली येताना ६०० च, कारण झपकन खाली आलं की कान दुखतात. पण ती गच्चीवरून शहर बघायला येणाऱ्यांची लिफ्ट आहे. तुम्हाला रोज सकाळी ऑफिसच्या वेळेला किती थांबावं लागतं ते महत्त्वाचं, आणि ते वेगावर नाही तर एका लिफ्टमागे किती फ्लॅट आहेत यावर ठरतं. सामानाची लिफ्ट वेगळी आहे का, वीज गेली की जनरेटरवर किती लिफ्ट चालतात, हे सेल्सवाल्याला विचाराल तर तो हसून विषय बदलेल, म्हणून तिथे राहणाऱ्याला गाठा. वीस मजलीतही हा प्रश्न असतोच, दीडशे फ्लॅटला दोनच लिफ्ट दिलेल्या बिल्डिंगी काय कमी आहेत का, पण तिथे निदान निभावता येतं.

आता वारा. उंच इमारत हलते आणि हलायलाच पाहिजे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पडणार वगैरे नसते. प्रश्न फक्त तुम्हाला ते सोसतं का एवढाच. वारा नुसता ढकलत नाही, तो इमारतीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सोडतो आणि त्या तालावर इमारत आडवी डोलायला लागते. तो ताल मोडायला इंजिनियर लोक आकाराशी खेळतात. बुर्ज खलिफा वर जाताना पायऱ्या-पायऱ्यांनी बारीक होत जाते ती याचसाठी. शांघाय टॉवरला (६३२ मीटर) खालपासून वरपर्यंत साधारण १२० अंशांचा पीळ दिलाय, त्याने वाऱ्याचा भार २४ टक्के कमी झाला. तैपेई १०१ मध्ये वरच्या मजल्यांत ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय, इमारत एकीकडे गेली की तो मागे राहून तिला आवरतो, ऑगस्ट २०१५ च्या वादळात तो गोळा चक्क मीटरभर सरकला होता.

एवढं करूनही राहणारे खूश असतीलच असं नाही. न्यूयॉर्कची ४३२ पार्क अव्हेन्यू बघा, ४२६ मीटरची काडीसारखी इमारत, वारा आरपार जावा म्हणून दर बारा मजल्यांनंतर दोन मजले उघडे ठेवलेत, जगातल्या सगळ्यात महागड्या फ्लॅटांपैकी काही तिथे आहेत, आणि २०२१ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या बोर्डाने बिल्डरवर केस टाकली. तक्रारी काय तर पाणी गळतं, लिफ्ट बंद पडते, वारा सुटला की भिंतीतून कुरकुर ऐकू येते. अगदी घरगुती तक्रारी! त्याच वर्षी मे महिन्यात चीनमध्ये शेंझेनचा एसईजी प्लाझा, ३५५ मीटरचा, भूकंप नाही वादळ नाही आणि भरदुपारी थरथरायला लागला, लोक जीव घेऊन रस्त्यावर पळाले. चौकशीत दोष निघाला गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबांचा, वाऱ्यात ते ठरावीक तालात हलायला लागले आणि त्यांनी अख्खी इमारत हलवली. खांब काढले, काही महिन्यांनी इमारत पुन्हा उघडली. आणि ही इमारत वीसेक वर्षं वापरात होती हं.

म्हणून फ्लॅट बघायला छान ऊन पडलेल्या रविवारी जाऊ नका, जोराचा वारा असेल त्या दिवशी जा. बाथरूममध्ये जाऊन कमोडमधलं पाणी बघा, ते हळूच इकडून तिकडे हेलकावत असेल तर कळेल. छताला टांगलेला दिवा बघा, बेडरूमचं दार अर्धवट उघडं ठेवून पाच मिनिटं गप्प बसा आणि आवाज ऐका. गाडीत बसल्यावर मळमळणारं कुणी घरात असेल तर त्यांना सोबत घेऊन जा. वाऱ्याच्या दिवशी लिफ्ट मुद्दाम हळू करतात का तेही तिथेच विचारा, कारण शाफ्टमध्ये लांबलचक दोर झुलायला लागतात. वीस मजलीत यातलं बहुतेक काहीच बघावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो.

पाण्याचं थोडक्यात. खाली येताना दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक बारने (म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे ३०० मीटरवरून सरळ पाइप खाली आणला तर खालचे नळ उडतील, म्हणून मध्ये मध्ये टाक्या आणि पंप असलेले सर्व्हिस मजले करावे लागतात. अशा मजल्याच्या अगदी वरचा किंवा खालचा फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर तो का स्वस्त आहे ते रात्री अकराला जाऊन ऐका. विजेचंही तसंच, लंडनच्या यूसीएल विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑफिसच्या इमारती तपासल्या तेव्हा वीस मजल्यांच्या वरच्या इमारतींत दर चौरस मीटरमागे वीज सहा मजल्यांच्या आतल्या इमारतींच्या जवळपास अडीचपट जात होती. तो अभ्यास ऑफिसांचा, घरांना तोच आकडा लावता येणार नाही, पण पंप, लिफ्ट, उंचावरचा वारा आणि काचेवर सरळ येणारं ऊन यांचा खर्च शेवटी मेंटेनन्सच्या बिलातच येणार. काच पुसायचा झुला, एखादं पॅनेल तडकलं तर ते बदलणं, सगळंच महाग. सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला टाकलेला पैसा, किती साठलाय हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

आगीचं म्हणाल तर जगातल्या सगळ्यात उंच शिडीच्या गाड्यासुद्धा ११२ मीटरच्या आसपास थांबतात, आणि बहुतेक शहरांकडे त्याच्या निम्म्याही उंचीच्या नसतात. त्यामुळे वर सगळी भिस्त इमारतीच्या आतल्या सोयींवर, स्प्रिंकलर, धूर न शिरणारा जिना, थांबायला रेफ्यूज मजला. चांगल्या सुपरटॉलमध्ये या सोयी बऱ्याच वीस मजली बिल्डिंगींपेक्षा सरस असतात हे मान्य करायला पाहिजे. फक्त रेफ्यूज मजल्यावर कुणी गोडाऊन केलेलं नाही ना ते डोळ्यांनी बघा.

आता कागदावरच्या टॉवरला मी नको का म्हणतो. चीनमधल्या तियानजिनचा गोल्डिन फायनान्स ११७ बघा, ५९७ मीटर, काम सुरू २००८ ला, २०१५ ला टोकापर्यंत पोचला आणि मग पैसे संपले, पुढे वर्षानुवर्षं तसाच रिकामा उभा होता. सौदी अरेबियातला जेद्दा टॉवर हजार मीटर ओलांडणार म्हणून २०१३ ला सुरू झाला, २०१८ ला थांबला, २०२५ ला परत सुरू. वीस मजली बिल्डिंगी पण रखडतात, पण तिथे अर्धवट काम दुसरा बिल्डर उचलतो किंवा फ्लॅटधारक एकत्र येऊन कसंबसं पुरं करतात. तीनशे मीटरचा सांगाडा कोण उचलणार? चीनने स्वतःच २०२० मध्ये ५०० मीटरच्या वरच्या नव्या इमारती बंद केल्या आणि २०२१ मध्ये लहान शहरांना आणखी खालची मर्यादा घातली.

अजून एक गोष्ट फार कमी लोक बघतात, ती म्हणजे जमिनीतला हिस्सा. जमीन तेवढीच आणि फ्लॅट तिप्पट, म्हणजे तुमच्या वाट्याला येणारी जमीन चिमूटभर. वीस मजली बिल्डिंग चाळीस-पन्नास वर्षांनी पाडून नवी बांधता येते आणि तेव्हा हीच जमीन कामाला येते. सुपरटॉल पाडणार कसा? सिंगापूरमध्ये साधारण २३५ मीटरचा ऑफिस टॉवर पाडला तेव्हा मुद्दाम पाडलेल्यांमध्ये तो सगळ्यात उंच ठरला, ३०० मीटरच्या वरची इमारत ठरवून पाडायची वेळ अजून कुणावर आलेली नाही. नातवंडांसाठी घर घेताय असं म्हणत असाल तर हा मुद्दा सोडू नका.

मग सुपरटॉल घ्यायचाच कशाला? उजेड, खालचे हॉर्न आणि धूळ बरीच कमी, दर शंभर मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश गारवा, आणि असे टॉवर बहुतेक वेळा स्टेशनला किंवा ऑफिसांच्या भागाला चिकटून असतात म्हणून रोजचा प्रवास वाचतो, तो फायदा मला तरी व्ह्यूपेक्षा मोठा वाटतो. व्ह्यूची खात्री वाढत्या शहरात कुणीच देऊ शकत नाही, समोरच्या प्लॉटवर आज पार्किंग आहे तिथे उद्या नव्वद मजले उभे राहतील. एकट्याने किंवा दोघांनी राहणारे, सारखे फिरतीवर असणारे, भाड्याने द्यायचा विचार असलेले, यांना सुपरटॉल जमून जातो. म्हातारी माणसं आणि दिवसातून दहा वेळा खाली खेळायला जाणारी पोरं घरात असतील तर मी वीस मजलीच म्हणेन.

आणि सुपरटॉलच घ्यायचं ठरलं तर सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. पंचवीस ते चाळीसच्या मधला बघा, आजूबाजूच्या गच्च्यांच्या वर येईल असा, मधे लिफ्ट न बदलता तळापासून सरळ जाता येईल असा, आणि सर्व्हिस मजल्यापासून निदान दोन मजले लांब. वर डोलतं त्याच्या मानाने तिथे फारच कमी डोलतं, आणि मजल्यागणिक जो जादा रेट लावतात तोही निम्म्यावर येतो.