खाऱ्या वाऱ्यातली जुनी सुपर्ब: रत्नागिरीतला वापरानंतरचा अनुभव

आधी गाडी सांगतो, मग ती का घेतली ते. स्कोडा सुपर्ब, दुसरी पिढी, २०१४ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे रूप बदलून आलेली. २.० टीडीआय डिझेल, १४० पीएस, सहा गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी तिसरा मालक. मुक्काम रत्नागिरी, घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ. धंदा वकिलीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट हा रस्ता माझ्या कामाचाच भाग झालाय. गाडी त्याच्या थोडी आधी, पावसाळ्याच्या तोंडावर घेतली होती. एक अख्खा पावसाळा, गणपतीतली गर्दी, थंडी आणि आंब्याचा सीझन काढल्यावर हे लिहितोय.

कोकणात राहतोस तर उंच गाडी घे, हे मला ओळखीच्या प्रत्येकाने सांगितलं. पण माझ्या आईचे गुडघे कोणी विचारात घेतले नाहीत. तिला गाडीत चढायला नको, बसायला हवं. दार मोठं उघडलं पाहिजे, सीट खुर्चीच्या उंचीची पाहिजे आणि पाय लांब करता आले पाहिजेत. शिवाय घाट उतरताना मागे बसलेल्याचं पोट ढवळता कामा नये. एवढं सगळं धरलं की मोठी सेडानच उरते. बजेट दहा लाख, तेही आरटीओ, विमा आणि सुरुवातीची दुरुस्ती धरून. तेवढ्यात नवी मोठी सेडान येत नाही, म्हणून जुनी युरोपियन.

बिल्ल्याचा मोह मलाही होताच. मर्सिडीजची डब्ल्यू २१२ पिढीची ई-क्लास पाहिली. ई २५० सीडीआयचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ५०० न्यूटन मीटर, मागची सीट म्हणजे दिवाणखाना. पण माझ्या बजेटमध्ये येणाऱ्या गाड्या बहुतेक खूप पळालेल्या, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या या इंजिनांच्या डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची तक्रार जगभर झालेली आहे. बीएमडब्ल्यू ५२०डी चालवायला सगळ्यांत गोड, यात वाद नाही. मात्र २०१४ च्या आधीच्या गाड्यांत एन ४७ इंजिन असतं आणि त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी) इंजिनच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन वाजायला लागली की नुसतं झाकण काढून भागत नाही, इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वर टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून स्टेपनी नाही. आंबा घाटात रात्री, मोबाइलला रेंज नसताना, टायरची बाजू फाटली तर काय करायचं याचं उत्तर मला एकाही विक्रेत्याने दिलं नाही. ऑडी ए६ च्या त्या वर्षांतल्या २.० टीडीआयला मल्टिट्रॉनिक सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, आहे. तो बिघडला तर तो खोलणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात, म्हणून ती पाहायलाही गेलो नाही.

माझं गणित असं होतं: रत्नागिरीत यांतल्या कुठल्याच गाडीचं मोठं काम होणार नाही, कोल्हापूर गाठावंच लागणार. मग कोल्हापुरातल्या मिस्त्रीच्या हाताला कुठलं इंजिन सवयीचं आहे? सुपर्बचं हे २.० टीडीआय आणि हा सहा गिअरचा डीएसजी फोक्सवॅगनच्या जेटामध्येही आला, पसाटमध्येही, आणि याच घराण्यातलं इंजिन स्कोडाच्या लॉरामध्येही. या गाड्या पश्चिम महाराष्ट्रात बक्कळ खपल्या. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगर परिसरात या इंजिनचा टायमिंगचा पट्टा बदललेले हात भरपूर आहेत आणि पार्टही दोन-तीन कंपन्यांचे मिळतात. मला हे शोरूमच्या अंतरापेक्षा महत्त्वाचं वाटलं. (सुपर्बला एक्झिक्युटिव्ह सेडान म्हणणं काहींना रुचत नाही. त्यांनी एकदा मागच्या सीटवर बसून पाहावं.)

सुपर्बमध्येही निवड करावी लागते. १.८ टीएसआय पेट्रोल स्वस्तात मिळते, चालायला तरतरीत आहे. पण तिच्या ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा डीक्यू २०० डीएसजी असतो, म्हणजे कोरड्या क्लचचा. त्याच्या मेकाट्रॉनिकच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटच्या, बिघाडाच्या कहाण्या सर्वश्रुत आहेत. त्या वर्षांतल्या १.८ इंजिनाला तेल पिण्याची आणि चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची खोडही होती. त्यात आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जे डोळ्यांसमोर ठेवून या गाड्या बनलेल्या नाहीत. डिझेलमधला डीक्यू २५० ओल्या क्लचचा, तेलात बुडालेला. दर साठ हजार किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदलला की तो निमूट चालतो. तो बदलल्याचं बिल नसेल तर गाडी सोडून द्या किंवा तेवढे पैसे किमतीतून कापा.

आता खरा मुद्दा, पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच पुरात महाडही. किती गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांतल्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. काही धुऊन, पुसून, नव्या सीटकव्हरखाली लपून बाजारात फिरतात. मुंबई-ठाण्यातल्या तळघरांतल्या पार्किंगमध्ये बुडलेल्या गाड्या वेगळ्याच. या युरोपियन गाड्यांत पाणी जास्त घातक, कारण कंट्रोल युनिट आणि वायरींचे जोड जागोजागी, अगदी सीटखाली आणि कार्पेटखालीसुद्धा. ते लगेच मरत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी आतून हिरवे पडतात आणि मग आज हे, उद्या ते.

पनवेलच्या पुढे एका दलालाकडे पांढरी, चकचकीत गाडी दाखवली. नाव सांगत नाही, गाडीचंही आणि त्याचंही. मीटर कमी, आत अत्तराचा वास. मी मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेलो. सुरुवातीचा पट्टा काळाकुळकुळीत. शेवटची वीत-दीड वीत मात्र कडक लागली, आणि रीळजवळ पट्ट्याला आडवी फिकट तांबूस रेघ होती, लुगड्याच्या काठासारखी सरळ. बोटाने खरवडली तर नखात बारीक गाळ आला. दलाल म्हणाला, ‘‘साहेब, कोकणातली लाल माती आहे, ती उडतेच.’’ धूळ उडून बसते, रेघ मारत नाही. स्टेपनीखालचा फोम उचलायला सांगितल्यावर त्याला एक फोन आला आणि तो जो बाहेर गेला, तो आम्ही निघेपर्यंत फोनवरच होता.

सीटबेल्ट कोणीही ओढून पाहू शकतो. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खळगा, दाराच्या पट्टीखालचं कार्पेट, हेडलाइटच्या आतली पुटं, हेही टॉर्च असला की दिसतं. पण कागदावरची एक गोष्ट फार कमी लोक बघतात. विक्रेत्याकडून मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा रकाना पाहा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. चढत चढत आलेला बोनस २०२१ नंतरच्या पॉलिसीत अचानक शून्य झाला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. उत्तर बंपरचं असेल, नाहीतर पुराचं. बोनस माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, त्यामुळे मधे मालक बदलला असेल तर ही खूण चालत नाही हेही ध्यानात ठेवा.

दिल्लीच्या गाड्यांचंही सांगतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली, म्हणून त्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते. मात्र एनओसीचा, म्हणजे ना-हरकत दाखल्याचा, फॉर्म २८, इथे नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा कर हे सगळं मिळवल्यावर स्वस्ताई बरीच आटते. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की पुनर्नोंदणी व पर्यावरण कर आहेच. मी राज्यातलीच गाडी धरली. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३०, आधीच्या कर्जाचा बोजा उतरवल्याचा ३५, आणि काम झालं.

माझी गाडी पुण्याची निघाली. कोल्हापूरच्या मिस्त्रीला दाखवली. त्याने कॉम्प्युटर लावून कोड वाचले, गाडी लिफ्टवर घेतली आणि खाली बराच वेळ घालवला. ‘‘वकीलसाहेब, गाडी सुकी हाय. घ्या. पण पट्टा आधी बदला, मग देवाला न्या.’’ या इंजिनला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर, म्हणून दोन्ही एकदम. सोबत डीएसजीचं तेल, सगळी फिल्टरं, लोअर आर्मचे बुश, चार टायर. सव्वा लाखाच्या आसपास गेले. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरायचे असतात.

चालवायला कशी? घाट चढताना ३२० न्यूटन मीटर कमी वाटत नाहीत. उतरताना लिव्हर मॅन्युअलला टाकून तिसऱ्या-दुसऱ्यात ठेवली की ब्रेकवर पाय कमी पडतो. डी मध्ये सोडली तर पठ्ठी वरचे गिअर टाकत बसते, ते घाटात नको. महामार्गावर लिटरला पंधरा-सोळा, गावात बारापर्यंत खाली. गणपतीत मुंबई-गोव्याच्या रांगेत सरकतानाही गिअरबॉक्सने धक्के दिले नाहीत. डिझेलचा आवाज थंड इंजिनला बाहेर स्पष्ट येतो, आत नाही. आई मागे पाय पसरून साखरप्याच्या आधीच झोपते.

डिकी ५६५ लिटरची. हिला स्कोडाने दुहेरी दार दिलंय: बटण दाबून नुसतं झाकण उघडा किंवा मागच्या काचेसकट अख्खं दार वर घ्या. मे महिन्यात हापूसच्या पेट्या चढवताना याची किंमत कळली. पेटी तिरकी न करता सरळ आत जाते. मागच्या दारातली छत्री मात्र शोभेची. कप्प्यात साचलेलं पाणी बाहेर जायला वाट आहे, युक्ती झकास, पण मांडवीच्या वाऱ्यात ती छत्री पहिल्याच दिवशी उलटी झाली.

आता खारा वारा. समुद्राजवळ दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की ब्रेक डिस्क तांबड्या होतात आणि निघताना करकर आवाज येतो. पाच-सात ब्रेक मारल्यावर जातो, घाबरू नका. एसीच्या कंडेन्सरच्या पात्या मात्र खरोखर खातो हा वारा. माझा हिवाळ्यात बदलावा लागला. आधीच्या दहा वर्षांत पुण्यात काही झालं नाही, इथे काही महिन्यांत त्याने जीव टाकला. यावर इलाज गोड्या पाण्याचा. आठवड्यातून एकदा पुढची जाळी आणि गाडीचा तळ साध्या पाइपने, कमी दाबाने धुवायचा. पावसाळ्याआधी तळाला अँटिरस्ट मारून घ्यायचं, पण गंज घासून, वाळवून. ओल्यावर मारलं तर गंज आत कोंडला जातो.

आणि पातेरा, म्हणजे गळलेली पानं. आमच्या परड्यात आंबा, फणस आणि माड. माडाखाली गाडी लावायची नाही हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. पण आंब्या-फणसाची पानं वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी असलेल्या खाचेत जातात, आणि तिथली पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी साचून एसीच्या हवेच्या वाटेने आत उतरतं आणि आपण म्हणतो, कार्पेट ओलं कसं? जुलैमध्ये बॉनेट उघडून मी तिथून मूठभर काळा चिखल काढला, त्यात फणसाची एक आठळी रुजायला लागली होती. तेव्हापासून पावसाळ्यात दर रविवारी तिथे हात घालतो. सनरूफवाली गाडी असेल तर तिच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या यातच धरा.

उंदरांनी एक वायर कुरतडली, इंजिनचा दिवा लागला, जोड मारून काम झालं. इथे घरोघरी हा अनुभव आहे, गाडी कुठलीही असो. गाडी पुढून लांब आणि खाली आहे, त्यामुळे चिऱ्याच्या चढावरून घरात घेताना तिरकी घ्यावी लागते. इंजिनच्या तळाला वाचवणारा सम्प गार्ड लावलाच पाहिजे. डिझेल जास्त खपाच्या पंपावरच भरतो. पावसाळ्यात टाकीत पाणी आलं तर कॉमन रेलचे इंजेक्टर ते सोसत नाहीत आणि चार इंजेक्टरच्या किमतीत एक बरी जुनी बाइक येईल.

वर्षाचा देखभालीचा खर्च, सुरुवातीचा सव्वा लाख सोडून, कंडेन्सरसह साठ-सत्तर हजार पडला. ज्याला हे जड वाटेल त्याने घेऊ नये. ज्याची गाडी चार दिवस कोल्हापुरात अडकली तर घरात दुसरं वाहन नाही, त्यानेही घेऊ नये. माझ्याकडे एक जुनी मारुती दारात आहे, म्हणून हा शौक परवडतो.

विम्याचं नूतनीकरण आता आलंय. साध्या सर्वंकष पॉलिसीत, साचलेल्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करायला गेल्याने झालेलं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. एवढ्या जुन्या गाडीला ते द्यायला बऱ्याच कंपन्या नाखूश असतात, म्हणून पावसाच्या आधीच चार ठिकाणी विचारतोय. मिळालं नाही तर मुसळधार पावसात, भरतीच्या वेळी सखल रस्ता टाळायचा. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर स्टार्टरला हात न लावता ढकलत बाहेर काढायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.