बोर्ड दुरुस्तीला देताय? काढलेली आयसी परत मागा

निपाणीत मामांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. ते बंद झालं, पण एक मशीन आम्ही ठेवून घेतलं. आतला बोर्ड, म्हणजे गेम चालवणाऱ्या आयसी (चिप) बसवलेली पाटी, अस्सल जपानी. त्या काळी पार्लरांत नकली बोर्डांचाच सुळसुळाट असायचा, म्हणून अस्सलला आजही भाव आहे. तो भाव दुरुस्तीवाल्यांना बरोबर ठाऊक असतो.

मशीन लावलं की स्क्रीनवर रंगीत कचरा दिसायचा आणि बोर्ड सारखा रीस्टार्ट व्हायचा. कागलच्या बाजूचा एक जण जुने बोर्ड करतो म्हणून त्याच्याकडे दिला. मीटर न लावताच म्हणाला, "सीपीयू उडालाय बघा. मुंबईस्नं मागवावा लागतोय." सीपीयू म्हणजे बोर्डाची मुख्य आयसी. त्याचे साडेसहा हजार आगाऊ घेतले. बिल मागितलं तर, "आपल्यात बिल कशाला ओ?"

बोर्ड परत आला आणि दुखणं तेच! आता म्हणे एसएमपीएस (बोर्डाला वीज पुरवणारा डबा) खराब, त्याचे वेगळे पैसे.

शेवटी संकेश्वरच्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकनं बोर्डाच्या कडेला, कनेक्टर बसतो तिथंच, मल्टिमीटर टेकवला. ४.५ व्होल्ट. एसएमपीएसच्या टोकाला मात्र पुरते ५. या बोर्डांवरच्या टीटीएल जातीच्या आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याखाली प्रोग्राम भरकटतो आणि वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रामवर नजर ठेवणारं सर्किट, बोर्डाला पुन्हा पुन्हा रीसेट करतं. कनेक्टरचे पाय काळे पडले होते, व्होल्टेज तिथंच पडत होतं. खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाय घासले, गेम सुरू. म्हणजे सीपीयूला काही झालंच नव्हतं.

मग काढला कोणता आणि बसवला कोणता? देण्याआधी मामेभावानं बोर्डाचे फोटो काढले होते, हे नशीब. ६४ पायांच्या, ६८००० नावाच्या सीपीयूवर ८९३४ छापलेलं, म्हणजे १९८९ चा ३४ वा आठवडा. आता तिथं स्वस्तातलं सॉकेट, शेजारी उचकटलेला तांब्याचा ट्रॅक, आणि ८८ सालचा आकडा मिरवणारी पण कोरी करकरीत दिसणारी आयसी. कापसावर ॲसिटोन घेऊन चोळली तर छाप आणि काळा थर दोन्ही कापसावर आले. खाली पॉलिश पेपरनं घासल्याच्या रेषा. दुसऱ्याच कुठल्या तरी बनावटीची ६८००० आयसी घासून, रंगवून, वर हवा तो नंबर मारलेला. हा धंदा जुन्या आयसींत सर्रास चालतो, तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच कापूस चोळून बघा. अस्सल छाप बऱ्याचदा असा सहज निघत नाही.

जुनी आयसी मागितली तर कागलवाला म्हणतो, "टाकली की कचऱ्यात." वर धमकी, "तुम्ही कर्नाटकातले. केस घालायची तर महाराष्ट्रात येऊन घाला." साफ खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार चालते, आणि निपाणीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बेळगावात आयोग आहे. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंदवता येते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि फोटो जपून ठेवा.

हे ऐकवल्यावर अर्धे पैसे परत देतो म्हणाला. मी घेतलेले नाहीत, मला माझी आयसी हवीय.