‘एन-थ्री तीन महिन्यांत’वाल्यांना पैसे देण्याआधी हे वाचा

रील्समधून जपानी शिकवणाऱ्या एका चॅनलने मला आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना गंडवलंय. नाव लिहून फायदा नाही, ते एव्हाना बदललंय. धंदा कसा चालतो तेवढं सांगते. (एन-थ्री म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी.)

फुकटचे रील्स झकास होते. हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, लक्षात ठेवायच्या युक्त्या, छोटे संवाद. (तेही दुसऱ्यांचे उचललेले निघाले, ते पुढे कळलं.) मग जाहिरात आली : ‘एन-थ्रीची अधिकृत शब्दयादी, फक्त ग्रुपमधल्यांसाठी’. ग्रुपमध्ये रोज कुणी ना कुणी पास झाल्याचं सर्टिफिकेट टाकायचं, खाली बदामांचा पाऊस. मीही पैसे भरले.

तर, अशी अधिकृत यादी नसतेच. २०१० मध्ये जेएलपीटीचं स्वरूप बदललं, चाराच्या पाच पातळ्या झाल्या, आणि तेव्हापासून आयोजक शब्दांची, कांजींची (चिनीतून जपानीत आलेल्या चित्राक्षरांची), व्याकरणाची यादी जाहीरच करत नाहीत. शिक्षक आपल्या अनुभवावरून याद्या बनवतात, त्या उपयोगी पडतात, पण तो त्यांचा अंदाज असतो.

मला मिळालेल्या पीडीएफची गंमत ऐका. निम्मी पानं ‘इरोदोरी’ची, वरचं नाव कापून. हे पुस्तक जपान फाउंडेशनच्या साइटवर ऑडिओसकट फुकट मिळतं, आणि ते सुरुवातीच्या पातळ्यांचं आहे, एन-थ्रीचं नव्हेच. उरलेल्या पानांवर चिनी फॉन्ट. ‘सरळ’ या अर्थाच्या कांजीला जपानीत डावीकडून खाली येऊन उजवीकडे वळणारी रेघ असते. यात ती गायब. मी वहीत तसंच गिरवत होते. जपानी येणाऱ्या एका मैत्रिणीने वही पाहिली आणि विचारलं, “तू चिनी शिकतेयस का?”

इथपर्यंत ठीक, पैसे गेले ते गेले. पण पुढे ‘एन-थ्री स्पीकिंग टेस्टची तयारी’ म्हणून वेगळी फी मागितली. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही. लिहायचीही नाही, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. मग ‘ऑक्टोबरच्या परीक्षेत आमच्या कोट्यातून सीट’ म्हणून पासपोर्टची कॉपी आणि फोटो मागवले. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, काही ठिकाणी त्यातली एकदाच, आणि नाव त्या त्या ठिकाणच्या अधिकृत आयोजकांकडेच नोंदवायचं असतं. मी कॉपी दिली नाही, पण ग्रुपमधल्या काहींनी दिली, आणि मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

‘पास होण्याची गॅरंटी’ही तशीच. एन-थ्रीला १८० पैकी ९५ लागतात, शिवाय तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९. एकूण बेरीज भरली तरी एका विभागात १८ आले की नापास. याची गॅरंटी कोण देणार? ते मिरवत होते ती सर्टिफिकेटंही त्यांनी स्वतःच छापलेली, सोनेरी शिक्क्याची. जेएलपीटीचं प्रमाणपत्र कुठलाही क्लास देऊ शकत नाही.

पैसे परत मागितले तसं मला ग्रुपमधून काढलं आणि आमचं सगळं चॅट त्यांच्या बाजूने पुसलं गेलं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते, म्हणून बँकेत आणि सायबर पोलिसांकडे दाखवायला काहीतरी हातात राहिलं. अशा एखाद्या ग्रुपमध्ये तुम्ही आत्ता असाल, तर ‘रिफंड’ हा शब्द टाइप करण्याआधी पेमेंटच्या पावत्या, अॅडमिनचे नंबर आणि सगळे मेसेज सेव्ह करून घ्या.