लॅमिंग्टन रोडवरचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: जरूर जा

सावंतवाडीहून मुंबईला येताना रेल्वेत वरच्या बर्थवरून कुणाचा तरी चहा लेकीच्या कोऱ्या लॅपटॉपवर सांडला. कॉलेजसाठी नुकताच घेतलेला, वॉरंटीतला. पण साध्या वॉरंटीत पाणी-चहा सांडणं बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण आधीच घ्यावं लागतं. कंपनीच्या अधिकृत सेंटरने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदला. किंमत ऐकून पोरीचे डोळे भरले.

मग ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्या मजल्यावरचं चिंचोळं दुकान, पण काम काचेसारखं स्वच्छ. दादांनी पहिला प्रश्न विचारला, "चार्जिंगला लावला नाहीत ना?" नव्हता लावला. त्यांनी आमच्यासमोरच तो उघडला, आधी बॅटरीची जोडणी काढली आणि भिंगाखाली बोर्ड दाखवला. साखर-दुधाचा चिकट थर होता. पाणी सुकतं, पण हा थर तसाच राहतो आणि गंज धरतो, म्हणून तांदळात ठेवून काही होत नाही, असं त्यांनी लेकीला नीट समजावलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ केला, फक्त कीबोर्ड बदलला. जुना कीबोर्ड हातात दिला, पक्कं बिलही दिलं. पासवर्ड मागितला नाही, हे मला फार आवडलं.

दुकानात बसायला जागा नाही आणि जिना अंधारा आहे, वयस्कर माणसांनी सोबत कुणाला तरी न्यावं. बोर्ड आतून गंजला असेल तर तो पुढे कधीही दगा देऊ शकतो, हेही दादांनी आधीच सांगितलं. म्हणून सगळ्या फाइलींची प्रत लगेच काढून घ्या.