बाप्तिस्मा बाळाला की कळत्या वयात?

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी. कॅथलिक तो बाळालाच देतात, बॅप्टिस्ट कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवल्यावर. म्हणून आई कॅथलिक आणि बाप बॅप्टिस्ट असला की बाळ घरी येताच हा पेच पडतो.

मूळ पाप, म्हणजे आदामापासून माणसाला जन्मतःच चिकटलेलं पाप, दोन्हीकडे बहुधा मानतातच. भांडण आहे ते उपायाचं. बालबाप्तिस्म्यावाले बायबलमधलं रोमकरांस 5:12 पुढे करतात: पाप जन्मासोबत येतं, मग देवाच्या कृपेला वयाची अट कशाला? समोरचे यहेज्केल 18:20 काढतात. ज्याचं पाप त्याच्या माथी, म्हणून पश्चात्तापही त्यानेच करायचा.

जबाबदारीत दोन्हींची गोची होते. बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता (मुलाच्या धार्मिक वाढीची जबाबदारी घेणारे) बोलतात. कॅथलिक नियमाने धर्मपिता साधारणपणे 16 वर्षं पूर्ण झालेला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेला हवा. नुसता मान म्हणून मामाला उभं केलं की पुढे मुलाची शिकवण कुणीच बघत नाही. दुसरीकडे शाळकरी पोरं मित्रामागोमाग पाण्यात उतरतात.

पुनरुत्थानाचं चित्र मात्र बॅप्टिस्टांच्या पाण्यात बुडवण्यातच उठून दिसतं: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्तासोबत पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नवं जीवन (रोमकरांस 6:4). कपाळावर तीनदा ओतलेल्या पाण्यात ते शोधावं लागतं.

मूल कॅथलिक धर्मग्रामातच (स्थानिक चर्चच्या मंडळीत) वाढणार असेल तर बालबाप्तिस्मा घ्या. बॅप्टिस्ट मंडळीत वाढणार असेल तर थांबा, तिथे पुष्कळदा पुन्हा घ्यायला सांगतात. नक्की ठरत नसेल तर 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही पद्धती चालतात.