स्टॅटिक वेबसाइट कुठे ठेवावी: गिटहब पेजेस की एस३ आणि क्लाउडफ्रंट?

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे शेवटी तयार फायलींचा एक फोल्डर असतो आणि तो पहिल्यांदा चढवणे कोणत्याही सेवेवर फारसे अवघड नाही. निवड करताना पाहायचे ते हे, की सहा महिन्यांनी एखादी चूक दुरुस्त केली तर ती वाचकाच्या ब्राउझरपर्यंत कशी पोहोचणार आणि त्यासाठी तुम्हाला किती खटपट करावी लागणार.

गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या रिपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) थेट साइट प्रसिद्ध करणाऱ्या सेवेवर, ही खटपट जवळजवळ नाहीच. बदल पुश केला (गिटहबवर पाठवला) की साइट नव्याने प्रसिद्ध होते आणि एचटीटीपीएसही विनामूल्य मिळते. कॅशेची, म्हणजे ब्राउझरने वा मधल्या सर्व्हरने साठवलेल्या प्रतीची, मुदत १० मिनिटांची असते. ती बदलता येत नाही, कारण स्वतःचे हेडर (फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) लावण्याची सोयच नाही. प्रसिद्ध साइट १ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, बँडविड्थची लवचीक मर्यादा महिन्याला १०० जीबी आहे, मोफत खात्यात रिपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते आणि ऑनलाइन दुकान चालवण्यास मनाई आहे.

एस३ ही ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेतील फाइलसाठवण आणि क्लाउडफ्रंट हे त्या फायली वाचकांपर्यंत पोहोचवणारे जाळे; या जोडीत जवळपास सारे काही तुमच्या हाती असते, पण जुळवाजुळवही तुम्हालाच करावी लागते. एस३चा वेबसाइट पत्ता एचटीटीपीएस देत नाही, म्हणून पुढे क्लाउडफ्रंट हवे; त्याला तुमचे डोमेन जोडायचे, तर एसीएम या एडब्ल्यूएसच्या सेवेतील एचटीटीपीएस प्रमाणपत्र, बकेट (एस३मधील फायलींची जागा) कुठेही असली तरी, उत्तर व्हर्जिनिया विभागातच असावे लागते. बकेट खाजगी ठेवली की आणखी एक अडचण येते. मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते, पण '/अबाउट/' या पत्त्यावर त्या फोल्डरातील इंडेक्स फाइल आपोआप दिली जात नाही आणि बहुधा 'पान सापडले नाही' या ४०४ऐवजी ४०३ हा परवानगी नाकारल्याचा संदेश दिसतो. साहजिकच माणूस बकेटची पॉलिसी (परवानगीचे नियम) उलटीपालटी करत बसतो. प्रत्यक्षात तिथे पत्त्याच्या शेवटी इंडेक्स फाइलचे नाव जोडणारे चार-सहा ओळींचे क्लाउडफ्रंट फंक्शन पुरते.

कॅशेचेही तसेच. फायलींना हेडर लावले नाहीत, तर क्लाउडफ्रंट नेहमीच्या सेटिंगमध्ये जुनी प्रत २४ तासांपर्यंत देत राहू शकते. दर वेळी इनव्हॅलिडेशन करता येते, म्हणजे जुन्या प्रती रद्द करता येतात (महिन्याला पहिले १,००० पाथ मोफत), पण त्यापेक्षा सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइलनावांत हॅश (मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) घालून त्यांना वर्षभराची मुदत द्यावी आणि एचटीएमएलला 'नो-कॅशे' (साठवलेली प्रत वापरण्याआधी सर्व्हरला विचारा) हे हेडर लावावे, ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

क्लाउडफ्लेअर पेजेस या दोहोंच्या मधले आहे: गिटवरून डिप्लॉय, स्वतःचे हेडर, कोडच्या प्रत्येक शाखेसाठी वेगळा प्रीव्ह्यू, मात्र एकेक फाइल २५ एमबीच्या आसपासच हवी.

एकट्याने सांभाळायची, लेखनप्रधान साइट असेल तर गिटहब पेजेस घ्यावे. हेडरची गरज पडू लागली, तर क्लाउडफ्लेअरकडे वळावे. एस३चा मार्ग मी त्यांनाच सुचवीन, ज्यांचे इतर काम आधीच एडब्ल्यूएसवर आहे आणि ज्यांच्याकडे बिलावर लक्ष ठेवणारे कोणी आहे, कारण तिथली बजेट सूचना केवळ खर्च वाढल्याचे कळवते, साइट थांबवत नाही.