सीटखालची दांडी की बाजूचा लिव्हर?

एकच गाडी घरातले दोघं चालवणार असतील, तर सीट पुढे-मागे करायची सोय टेस्ट ड्राइव्हलाच बघून घ्या. आमच्याकडे आधी बाजूला लिव्हर असलेली गाडी होती, आता सीटखाली आडवी दांडी असलेली आहे. सकाळी बायको कोलशेतहून ऑफिसला नेते, रात्री मी घोडबंदर रोडने फिरवतो. तिची उंची पाच फूट, माझी सहाच्या आसपास, त्यामुळे सीट रोज या टोकाहून त्या टोकाला.

लिव्हर वाईट नाही. हात खाली सोडला की सापडतो, स्टिअरिंगखाली वाकावं लागत नाही (पोट सुटलेल्यांना ही सोय लहान नाही). दांडीत छत्री अडकते, आणि पावसाळ्यात मॅट गोळा होऊन वर आली की दांडी पुरती उचलली जात नाही.

पण सीट दोन रुळांवर सरकते आणि बहुतेक गाड्यांत तिला जागी धरून ठेवणारे खटके दोन्हीकडे असतात. दांडीची दोन टोकं दोन्ही खटके एकदम उचलतात. आमच्या गाडीत लिव्हर फक्त दाराकडचा खटका उचलायचा, पलीकडच्याला वायरने ओढ. ही वायर सैल पडली आणि वैताग सुरू झाला. दाराकडची बाजू सुटायची, हँडब्रेककडची धरून राहायची, सीट तिरकी होऊन रुतायची. बायको स्टिअरिंग धरून हिसके देतेय, मागे सोसायटीच्या रॅम्पवर हॉर्न वाजतायत! कधी एकच बाजू बसायची आणि गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबला की सीट जागच्या जागी डुगडुगायची. गॅरेजवाल्याने वायर ताणून दिली. थोड्या दिवसांनी परत तेच.

सगळ्याच लिव्हरचं असं होईल असं मी म्हणणार नाही, नव्या गाडीत कदाचित जाणवणारही नाही. पण सेकंडहँड घेत असाल तर माझं मत दांडीला. सीटची पाठ कलती करायला मात्र लिव्हरपेक्षा गोल नॉब बरा. फिरवायला वेळ लागतो, पण हवं तिथे थांबतो.

दांडी असो की लिव्हर, बघायला गेलात की सीट सरकवून सोडा आणि कंबरेने पुढे-मागे रेटा. खट्ट आवाज दोन्हीकडून यायला हवा. एकीकडूनच आला, तर आधी रुळात नाणं किंवा शेंगदाणा अडकलाय का बघा, मग किमतीचं बोला.